मधुकररावांच्या पोकळ्या

हिंगणघाटात माणूस नुसता मरत नाही. वेणा नदीच्या काठी चिता पेटली की घाटावरच्या टिनाच्या शेडमध्ये शोकसभा भरते, माईक येतो आणि माईकमागून आमचे शेजारी मधुकरराव झाडे येतात. पंचायत समितीत तीस वर्षं बाबूगिरी केलेला हा माणूस खरा कामाला लागला तो निवृत्तीनंतर. त्यांच्या तोंडी गावातला प्रत्येक मयत अजातशत्रू, प्रत्येक मयत दीपस्तंभ आणि प्रत्येकाच्या जाण्याने कधीही भरून न निघणारी पोकळी. एवढ्या पोकळ्या पडूनही गाव अजून खचलं कसं नाही, देव जाणे. एकदा त्यांनी सख्ख्या भावाशी जन्मभर कोर्टात भांडलेल्या माणसाला अजातशत्रू म्हटलं. भाऊ समोरच उभा होता. तोही डोळे पुसायला लागला.

त्यांची बायको धुरपताबाई म्हणजे या सगळ्यावर उतारा. तिच्याजवळ शब्द मोजून तीन. भाजी बिघडली तर ‘ठीक’, जमली तर ‘चालते’, आणि ‘बरं’ हा शब्द ठेवणीतला, सणासुदीलाही बाहेर न निघणारा. मुलगी इला बँकेत लागली तेव्हा मधुकररावांनी गल्लीभर पेढे वाटत ‘इतिहास घडला’ असं जाहीर केलं. धुरपताबाई म्हणाली, “बरं झालं,” आणि न्हाणीत जाऊन रडली. माझ्या बायकोने पाहिलं होतं.

या मार्चमध्ये तिच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात मधुकरराव ओरडत होते, “डॉक्टरसाहेब, प्रलय उठला हो!” डॉक्टरांनी तिलाच विचारलं. ती म्हणाली, “काई नाई, जरासं भरून आल्यावानी वाटते.” तपासलं तर तो दुसरा झटका निघाला. पहिला तिने ‘जरासं’ म्हणत घरीच काढला होता.

दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा ती नवऱ्याला सांगत होती, “माह्या टायमाले लय बोलू नोका. लोकायले उन्हात उभं ठेवू नोका.”

“नाई बोलत,” मधुकरराव म्हणाले. माझा विश्वास बसला नाही. ती गेली त्या सकाळी तर ते ओसरीवर बसून कागदांमागून कागद लिहीत होते. मला संताप आला. मेलेल्या बायकोला दिलेला शब्दही याला माईकपुढे पाळता येणार नाही, असं मनाशी म्हणत मी घाटावर गेलो.

अर्धं गाव आलं होतं. खोटं कशाला बोलू, बरेचसे भाषणासाठी आले होते. आज घरचंच कार्य, आज रंगणार, असा सगळ्यांचा अंदाज. संचालन करणाऱ्या श्रीधर वानखडेंनी नाव पुकारलं. मधुकररावांनी खिशातून चार कागद काढले, चष्मा लावला, पहिल्या पानाकडे बराच वेळ पाहिलं. मग कागद घडी करून परत खिशात ठेवले.

“धुरपता,” ते म्हणाले, “बरी होती.”

आणि माईक परत दिला.

माईकवाल्याला वाटलं बॅटरी गेली. त्याने दोनदा टकटक करून पाहिलं. श्रीधररावांनी ‘भावना अनावर झाल्या’ असं सांगून वेळ मारून नेली. मी शेडचा खांब धरून रडलो, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

परतताना ऑटोत सगळे चिडलेले. “दुसऱ्यायसाठी अर्धा अर्धा घंटा, अन् घरच्या बाईसाठी काईच नाई? काय माणूस हाय!” तेरवीपर्यंत गावात हीच चर्चा. जेवणं झाली तरी चर्चा सरली नाही.

मग चार दिवसांनी पानठेलेवाले रामाजी वारले. मधुकररावांनी माईक धरला आणि सलग बावीस मिनिटं बोलले. अजातशत्रू झाला, दीपस्तंभ झाला, शेवटी पोकळीही पडली. लोकांनी रुमाल काढले.

श्रीधरराव माझ्या कानाशी लागले. चेहऱ्यावर केवढं समाधान.

“आता कसं!” ते म्हणाले. “सावरले बाप्पा मधुकरराव.”