अण्णाचे हातमोजे

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, मित्राजवळ नाही, देवापुढं हात जोडून उभा राहिलो तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही. तसा बोलण्यावरच माझं पोट आहे – लातूरला क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवतो, मागच्या बाकापर्यंत माझा आवाज जातो. पण ह्या एका गोष्टीपाशी आलो की मी विषय बदलतो. आता तुम्हाला सांगायला बसलोय, तर सुरुवात कुठून करू? हातमोज्यांपासून करतो. ते त्यातल्या त्यात सोपं आहे.

माझा थोरला भाऊ, अण्णा, फौजेत होता. ड्युटी पार वर, बर्फात. त्याच्याकडं चामड्याचे हातमोजे होते – आतून लोकरीचं अस्तर, तपकिरी रंग, मनगटाशी पट्टी. सरकारी नव्हेत, तिकडच्या बाजारातून हौसेनं घेतलेले. त्या साली पावसाळ्यात तो सुट्टीवर आला आणि जाताना ते घरीच विसरला. दमट कोनाड्यात त्यांना बुरशी आली. मायनं पुसून चुलीपाशी वाळत घातले, तर चामडं आणखीच कडक झालं. बोट आत जाईना.

मायच्या माहेरी विहिरीवर मोट होती, त्या काळी असायची तशी चामड्याची. मोटेचं चामडं मऊ कसं ठेवतात हे तिनं लहानपणी पाहिलेलं. तेच तिनं हातमोज्यांना करायचं ठरवलं. ओल्या फडक्यानं पुसायचे, उन्हात नाही, सावलीत वाळवायचे. वाटीत मधाच्या पोळ्याचं मेण आणि एरंडेल घालून वाटी गरम पाण्यात ठेवायची. मेण विरघळलं की कोमट असतानाच बोटांनी चोळायचं – शिवणीवर जास्त, कारण पाणी शिरतं ते शिवणीतून. मग रात्रभर तसंच मुरू द्यायचं. सकाळी कोरड्या कापडानं पुसून दुसरा हात द्यायचा. वरून पाणी शिंपडलं आणि थेंब न भिजवता घरंगळून गेला की झालं.

मी तेव्हा बारावीला, लातूरला खोली करून राहायचो. गावोगावची मुलं लातूरला येऊन पडायला तेव्हाच सुरुवात झाली होती. माझा खोलीजोडीदार डॉक्टरांचा मुलगा. त्याचे वडील जवळच्याच एका तालुक्याला दवाखाना चालवायचे, पण बिऱ्हाड लातुरात होतं. तो अभ्यासासाठी म्हणून खोलीवर राहायचा. अनंत चतुर्दशीला त्यानं मला घरी जेवायला बोलावलं होतं. अशा घरात मी कधी पाय ठेवला नव्हता. सदरा आदल्या दिवशीच इस्त्री करून आणला होता, आणि –

आणि त्याच दिवशी दुपारी माय आली.

न कळवता. एसटीनं. डोक्यावरचा पदर घामानं चिकटलेला, हातात पिशवी, पिशवीत हातमोजे, मेणाचा गोळा आणि एरंडेलाची बाटली. पहिला हात तिनं घरीच दिला होता, पण तिला तो पुरेसा वाटेना.

“आणिक एक हात देते रातच्याला,” ती म्हणाली. “सकाळपोत्तर मुरंल. मग तू पार्सल कर. तिकडचा पत्ता इंग्रजीत लिहावा लागतो म्हणं. बरफ पडायच्या आत पोचलं पायजे.”

म्हणजे ती राहायला आली होती. म्हैस शेजारच्या कोंडाबाईवर सोपवून आली होती. हे तिनं स्वतः मला सांगितलं – “कोंडाबाई काढती दूध, घोर न्हाई.” वहिनी गौरी-गणपतीला माहेरी, हदगावला गेलेली, तान्ह्या पोरीला घेऊन. तिलाही मायनंच पाठवलं होतं. “पयल्या लेकरावाली हाय, तिच्या मायला नात बघू दे,” म्हणाली होती. हे सगळं नीट लक्षात ठेवा. मलाही ते नीट लक्षात होतं.

मायनं खोलीतल्या स्टोव्हवर पाणी ठेवलं. एरंडेलाचा वास सुटला. तो वास माझ्या इस्त्रीच्या सदऱ्याला लागेल, मुलं येतील, विचारतील – माझ्या डोक्यात एवढंच. तिच्या भेगाळलेल्या टाचा, ठिगळाचं लुगडं, तिचं ते मोठ्यानं बोलणं. तिला डॉक्टरांच्या घरी नेऊ? की तिच्यासाठी मी जेवण सोडू? मला दोन्ही नको होतं.

मी म्हणालो, “मालक बायामाणसाला राहू देत नाहीत.”

“एक रात? मी तुझी मायच हाय की.”

“नियम आहे.”

असा काही नियम नव्हता. मालकीणबाई देवमाणूस होत्या, मुलांच्या आया आल्या की स्वतःच्या घरात गादी टाकून द्यायच्या. माय एवढंच म्हणाली, “मग ऱ्हाऊ दे. तुझ्यामागं कटकट नगं.” तिनं स्टोव्ह बंद केला. कसा हात द्यायचा ते मला परत सांगितलं, शिवणीचं दोनदा सांगितलं. मी तिला स्टँडवर नेऊन गाडीत बसवलं. गर्दी होती, तिला खिडकी मिळाली नाही. गाडी सुटेपर्यंत मी थांबलो का? नाही. सदरा बदलायचा होता.

डॉक्टरांकडं पुरणपोळी होती, वर तूप. जोडीदाराच्या आईनं विचारलं, “तुमच्या आई आल्या होत्या म्हणे, घेऊन का नाही आलात?” मी म्हणालो, “तिला घाई होती. घरी म्हैस आहे, वहिनीपण नाही, ती थांबतच नाही कुठं.” बघा – खोटं आधीच तयार होतं. माय अजून जिवंत होती तेव्हाच मी ते बोलून ठेवलं होतं.

पहाटे जमीन हलली. आमची खोली टिकली. आमचं गाव टिकलं नाही. घर दगडामातीचं, वर मातीचं जड माळवद. मी पोचलो तेव्हा मायला काढून बाजूला ठेवलं होतं. कोंडाबाईच्या घरातलं कुणीच राहिलं नाही. म्हैस मात्र गोठ्याबाहेर बांधलेली – ती उभी होती.

अण्णा आला तो काही दिवसांनी. मधे किती गाड्या बदलल्या असतील, किती जागरण. पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही समोरासमोर बसलो. तो रडला नाही. गावातल्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं, तुझी माय त्या दिवशी लातूरला गेली होती, सांजच्याला परत आली. त्यानं मला सरळ विचारलं,

“दिन्या, माय तुझ्यापाशी आलती. तू तिला थांबवलं न्हाईस?”

ह्या प्रश्नाला एक खरं उत्तर होतं. त्यानं मला मारलं असतं. कदाचित आयुष्यभर तोंड पाहिलं नसतं. मी म्हणालो, “लई थांबवलं. पाया पडलो. ऐकली नाही. म्हशीचं कोण बघंल म्हणाली – वहिनी माहेरी गेलेली.”

वहिनी तिथंच होती. पोरीला मांडीवर घेऊन, पत्र्याला टेकून. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग अण्णाकडं पाहिलं. अण्णा तिच्याकडं पाहतच राहिला. मी तेव्हा एवढं तरी म्हणू शकत होतो की तिला मायनंच पाठवलं होतं. मी खाली मान घालून हातमोजे पिशवीतून काढले आणि अण्णाच्या हातात दिले. दुसरा हात मी दिलाच नव्हता.

तुम्ही म्हणाल, पोरगा होतास, घाबरलास. बरं. त्यानंतर मी पोरगा राहिलो नाही. त्यानंतरचं काय?

अण्णानं वहिनीवर कधी हात उचलला नाही. आवाजही नाही. त्यानं म्हैस चाकूरच्या बाजारात नेऊन विकली आणि वहिनीला एकदाच म्हणाला, “तू घरी असतीस, तर माय लातूरला ऱ्हायली असती.” बस्स. पुढं कितीतरी वर्षं पुन्हा सांगायची गरजच पडली नाही. वहिनीनं ते उचललं आणि अंगावर घेतलं. ती सणाला माहेरी गेली नाही, परत कधीच. आणि दर वर्षी दिवाळी सरली, थंडी पडायला लागली की वाटी, मेण, एरंडेल घेऊन हातमोजे मांडीवर घेऊन बसायची. अण्णा सुट्टीवर येताना ते आठवणीनं घेऊन यायचा. मायला ती आत्याबाई म्हणायची. “आत्याबाईंचं काम हाय,” ती सांगायची. “माझ्यापायी अर्धं ऱ्हायलं.”

मी शिकलो, क्लासला लागलो, लातूर वाढत गेलं, गल्लोगल्ली पाट्या लागल्या. अण्णा रिटायर होऊन आला तेव्हा आम्ही एकत्रच घर बांधलं. तो एका डाळमिलवर रखवालीला लागला. थंडीत भल्या पहाटे मोटारसायकलवर निघायचा तो तेच हातमोजे घालून. अस्तर झिजलं, पण चामडं नव्यासारखं. धुक्यात भिजून यायचा आणि वहिनीला दाखवायचा, आत टिपूसभर पाणी नाही. तेवढ्यापुरती दोघं हसायची. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचो. एकाच घरात, एकाच ताटलीतल्या भाकरी, आणि रोज तेच – आज बोलू का? आज बोललो तर काय उरेल? जितकी वर्षं गेली तितकं ते दार जड होत गेलं. मीच आतून लावलेलं, आणि मलाच उघडेना.

एक दिवस मात्र फार वाईट होता. वहिनीच्या वडिलांचं दुखणं वाढल्याचा हदगावहून निरोप आला. दिवस नेमके गणपतीचे. वहिनीनं पिशवी भरली. चार लुगडी, औषधाची पुडी. अण्णा ओट्यावर बसला होता. तो म्हणाला, “जा की. मागल्या बारी गेलतीस तवा काय झालं, ठाव हाय ना.”

रागावून नाही. असंच, साधं.

वहिनी उंबऱ्यात उभी राहिली. मी आत टेबलाशी पेपर तपासत होतो. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं – मागायला नव्हे, सहज, घरात कोण आहे बघावं तसं. मग आत जाऊन एकेक लुगडं घडीवर घडी ठेवून परत फडताळात लावलं. दोन दिवसांनी वडील गेल्याचा फोन आला. मी लाल पेननं मार्क देत होतो, त्या मुलांच्या उत्तरांत चुका शोधत होतो. आजही लाल शाई दिसली की मला ते फडताळ दिसतं. पण दिसून काय होतं? दिसणं ही काही शिक्षा नाही.

अण्णा परवाच्या थंडीत गेला, झोपेत. त्याच्या मनात शेवटपर्यंत माय म्हशीसाठी परतली होती. मी खांदा दिला. मला वाटलं, आता तरी. आता मार खायला नाही, घर मोडायला नाही, आता वहिनीला सांगायला काय हरकत? तिला निदान हलकं वाटेल. महिने गेले. मी तिला चहा करून द्यायचो, दवाखान्यात न्यायचो, तिची लेकागत सेवा करायचो, आणि ती शेजारणींना सांगायची, “असा दीर मिळायला नशीब लागतं.” ते ऐकून घ्यायचं. परत चहा ठेवायचा.

मग तिचीच तब्येत बिघडली. लेक नांदेडला दिलेली, तिनं तिकडं नेलं, दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेलो. लेक डबा आणायला घरी गेली होती. वहिनी पार वाळून गेलेली, पण बोलणं स्वच्छ.

“काय इचार करून राहिले भाऊजी?” तिनं विचारलं.

“काही नाही.”

तिनं अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, “मला भेव न्हाई वाटत. आत्याबाई भेटतीन. भेटल्या की आधी पाय धरते त्यांचे. म्हणते, चुकलं माझं, मी जायला नव्हतं पायजे. त्या करतीन ना माफ?”

दुपारची वेळ होती. खोलीत आम्ही दोघंच होतो, दार लोटलेलं होतं. मला बोलता येत होतं.

मी म्हणालो, “करतील, वहिनी.”