वाचकांच्या वहीतलं माझं नाव

मासिकं त्यांनी धुण्याच्या दगडावर ठेवली. माझ्या हातात दिली नाहीत.

दगड ओला होता. नुकतंच कुणीतरी कपडे धुऊन गेलं होतं, साबणाचं पाणी अजून निथळत होतं. "अल्ले निल्लू," आमच्या कॉलेजातल्या सरांच्या पत्नी, अम्मा, म्हणाल्या. तिथंच थांब. त्या आत गेल्या, गठ्ठा घेऊन आल्या, दगडावर ठेवला आणि दोन पावलं मागं सरल्या. मग मी पुढं व्हायचं आणि उचलायचं. मागच्या दारानं आलेली, मागच्याच दारानं जायचं. दर खेपेला असंच.

मी चामराजपेटेतल्या एका छोट्या कॉलेजच्या लायब्ररीत अटेंडर होते. नव्वदीचं दशक नुकतंच लागलं होतं. माझं शिक्षण पीयूसी, म्हणजे बारावी. बाबा मार्केटजवळ फुटपाथवर चपला शिवायचे. आमच्या कितीतरी पिढ्या बेंगळुरात गेल्या. घरात मराठी, गल्लीत कन्नड. पण आडनाव कुठल्याही भाषेत सांगितलं तरी समोरच्याचा हात मागं जायचा. म्हणून मी नुसतं नाव सांगायचे.

लायब्ररीत मानसशास्त्राची पाच मासिकं यायची. चार परदेशी, जाडजूड, गुळगुळीत कागदाची. पाचवं इथलंच. पातळ, खरखरीत कागदाचं, तीन महिन्यांनी एकदा निघणारं. टपाल आलं की पाचही आधी विभागप्रमुख सरांच्या घरी जायची. ती परत आणायचं काम माझं.

त्या दिवशी पातळ मासिक गठ्ठ्यात सगळ्यात खाली होतं. त्याचं निळं मुखपृष्ठ भिजून रंग पसरला. मी ओढणीनं टिपलं, लायब्ररीत पंख्याखाली वाळवलं. डाग राहिला तो राहिलाच. दगडाची मला सवय झाली होती. ते मासिक भिजलं, त्याचं फार वाईट वाटलं.

का वाटलं ते सांगते. माझा थोरला भाऊ, अण्णा, उदबत्तीच्या कारखान्यात होता. हळूहळू भिंतीशी बोलायला लागला. सगळे माझ्याबद्दल कुजबुजतात म्हणायचा. अंघोळ सोडली. लोक म्हणाले, बाहेरचं लागलंय. गंडे झाले, अंगारे झाले. तो पळून जायचा, म्हणून आम्ही त्याला खाटेला बांधून ठेवायचो. बाबा दोर धरायचे, गाठ मी मारायचे. माझी गाठ घट्ट बसायची म्हणून ते काम माझ्याकडे.

एकदा धूळ झटकताना ते पातळ मासिक उघडलं गेलं. एका डॉक्टरबाईंनी एका खेड्यातल्या मुलाबद्दल लिहिलं होतं. तोही भिंतीशी बोलायचा. त्यालाही घरच्यांनी बांधलं होतं. माझं इंग्रजी तोडकं. डिक्शनरी घेऊन आठवडाभर तेवढी चार पानं वाचत होते. कळलं ते एवढंच, की हा आजार आहे, त्याला औषध आहे, आणि बांधलं की तो माणूस जास्तच भितो.

मी रॅकच्या मागं बसून रडले. घरी जाऊन गाठ सोडली. अण्णाला मोठ्या इस्पितळात नेलं. तो काही पूर्वीसारखा झाला नाही. पण जेवायला लागला, मला नावानं हाक मारायला लागला. घोट्यांवरचे वळ मात्र गेले नाहीत. ते दिसले की मला अजून माझीच बोटं नकोशी होतात.

तेव्हापासून मी त्या मासिकाचा अंक सोडला नाही. रॅकपाशी वाचकांची वही असायची. वाचलं की तारीख, मासिकाचं नाव आणि सही, असा नियम होता. मीही सही करायचे. नुसत्या नावाची. आडनाव गाळून.

वर्षअखेरीला पुढच्या वर्षाची मासिकं निवडायला बैठक बसली. एक बंद करायचं होतं. प्राचार्य, सर, चार-पाच प्राध्यापक, आमच्या लायब्रेरियन बाई. मी वह्या घेऊन भिंतीपाशी उभी. रीत अशी, की वाचकांची वही बघायची आणि ज्याला वाचक नाही ते बंद करायचं. वही उघडली. परदेशी मासिकांची पानं जवळजवळ कोरी. पातळ मासिकाच्या पानावर सह्याच सह्या. सगळ्या एकाच हाताच्या.

"ही कोण?" सरांनी विचारलं.

"मी, सर."

सगळे हसले. प्राचार्यसुद्धा.

"तुला झाडायला ठेवलंय," सर म्हणाले. "वाचक म्हणजे विद्यार्थी आणि शिक्षक. अटेंडर वाचक नसते."

त्यांनी लाल पेन काढलं आणि माझ्या सह्या खोडायला घेतल्या. शेवटच्या सहीपासून वर. सावकाश, एकेक. मधेच डाग पडलेला अंक उचलून सगळ्यांना दाखवला. "ह्या लोकांच्या हातात पुस्तक दिलं की बघा काय होतं. स्वल्प तरी जपावं."

लायब्रेरियन बाईंना दगडाचं माहीत होतं. मीच सांगितलं होतं. त्या टेबलाकडे बघत राहिल्या.

माझी नोकरी तात्पुरती. अण्णाच्या गोळ्या त्या नोकरीवर. तोंड उघडलं तर काय होणार ते मला नीट कळत होतं. मी गप्पच राहिले असते. पण पेन पानाच्या वरच्या ओळीशी आलं. ती माझी पहिली सही. अण्णाची गाठ सोडली त्या दिवसाची. तिच्यावर पेन टेकणार, तोच मी वही ओढून घेतली.

"सर, हा डाग तुमच्या घरच्या धुण्याच्या दगडाचा आहे. अम्मांनी मासिक माझ्या हातात दिलं असतं तर भिजलं नसतं."

आता कुणी हसलं नाही.

"आणि मी वाचते. कुठलंही पान उघडा, विचारा."

सरांनी अंक उघडला नाही. "बाहेर हो," एवढंच म्हणाले. मी लगेच झाले नाही. खोडलेल्या सह्यांच्या खाली त्या दिवसाची तारीख घातली. मासिकाचं नाव लिहिलं. सही केली. ह्या खेपेला आडनावासकट. अक्षर वाकडं आलं.

मासिक बंद झालं. परदेशी चारही चालू राहिली. महिनाअखेरीला मलाही येऊ नकोस म्हणून सांगितलं. अण्णाच्या गोळ्यांत खंड पडला. तो पुन्हा भिंतीशी बोलायला लागला. बोलले मी, भोगलं त्यानं. हे माझ्या मनातून कधी जाणार नाही.

एके सकाळी बाबांनी माळ्यावरून दोर काढला. गाठ मी मारायची म्हणून दोर माझ्यापुढं धरला. मी तो घेतला आणि अंघोळीच्या पाण्याखालच्या चुलीत घातला.

"अण्णाला आता कुणी बांधायचं नाही," मी म्हणाले. "गोळ्यांचं मी बघते."

उदबत्त्या वळायला बसले. पहिला पगार गोळ्यांत गेला. पुढच्या रविवारी पेटेतल्या सार्वजनिक वाचनालयात गेले. पुढच्या दारानं. टेबलावर वही होती. तिथल्या माणसानं नाव विचारलं. मी आडनावासकट सांगितलं आणि त्याच्या डोळ्यांत बघत उभी राहिले. मग पेन उचलून लिहिलं. तेव्हापासून असंच लिहिते. खोडायचं त्यानं खोडावं. मी खाली पुन्हा लिहीन.