गौस मिस्त्रीची वेगळी टाकी

उद्यमनगरात गौस मिस्त्रीच्या गॅरेजला लागून माझं टायरचं दुकान आहे. मधली भिंत अर्धीच, त्यामुळं त्याची प्रत्येक शिवी मला फुकट ऐकायला मिळते. "मिस्त्री, जरा लवकर करा" असं म्हटलंत की तो पाना खाली ठेवून तुम्हाला समोरच्या टपरीवर चहाला पाठवणार, आणि मग गाडीकडं बघणारही नाही. कपाळाला कायम आठी. पण हात असा, की मुरगूडपासून बेळगावपर्यंतची शर्यतवेडी पोरं त्याच्या दारात ताटकळत उभी राहायची. आता कुणी राहत नाही. का, ते सांगतो, आणि रागानंच सांगतो.

गौसला मित्र एकच, गोमटेश. दोघं कुरुंदवाडचे, एकाच गल्लीतले. गोमटेशचं राजारामपुरीत नळ आणि बेसिनचं मोठं दुकान आहे. दुकान चाललं तसं साहेबांना वेगाचं वेड लागलं. तरी मित्राला तो विसरला नव्हता, हे मी बघितलंय. भाद्रपदात जैनांची क्षमावाणी येते. वर्षभरात ज्याला दुखावलं त्याची क्षमा मागायचा तो दिवस. गोमटेश बस्तीतून, म्हणजे जैन मंदिरातून, दर्शन घेऊन पांढऱ्या कपड्यांतच गॅरेजात यायचा आणि ऑइलनं बरबटलेले गौसचे दोन्ही हात धरून "उत्तम क्षमा" म्हणायचा.

"काय केलंयस रं वर्षभरात?" गौस दटावायचा.

"काय न्हाय की. पर मागायची असती."

"मग केली. खीर खा आता."

गौसची बायको रशिदाभाभी त्या दिवशी शेवयांची खीर पाठवायची. वाटीभर मलाही मिळायची, म्हणून हा सण माझ्याही लक्षात.

मागच्या दिवाळीनंतर गोमटेशनं गाडीला नायट्रस बसवायचं काढलं. नायट्रस म्हणजे बाटलीतला गॅस. बटण दाबलं की तो इंजिनात शिरतो, पेट्रोल दणक्यात जळतं आणि गाडी झेपावते. पण त्या गॅसच्या जोडीला जादा पेट्रोल पोचलं नाही, तर आच इतकी वाढते की पिस्टन वितळतो. म्हणून गौस अडून बसला. गॅसपुरती पेट्रोलची सगळी व्यवस्था वेगळी करायची. छोटी टाकी वेगळी, त्यात शर्यतीचं भारी पेट्रोल. पंप वेगळा, लाइन वेगळी, दाब ठरवणारा रेग्युलेटरही वेगळा.

"गाडीचा पंप हाय की दणकट," गोमटेश म्हणाला.

"तू नळ इकतोस न्हवं? नळ बंद असला की दाब सगळ्यांच्याच घरात झ्याक असतोय. खालच्यानं नळ सोडला की वरच्याकडं काय येतंय? करंगळीएवढी धार. तसं व्हईल तुझ्या इंजिनाचं."

गौसनं टाकी स्वतः बसवली, पेट्रोलची धार मापात सोडून, ती वाहत असतानाच दाब लावला. शेवटी एक छोटा स्विच जोडला. टाकी रिकामी झाली, दाब पडला, की तो स्विच गॅस आपोआप अडवतो.

"ह्याला हात लावायचा न्हाय," त्यानं बजावलं. "गॅस अडला म्हंजे ह्यो बिघडलेला नसतोय. ह्यो शाणा असतोय."

फेब्रुवारीत एका बंद धावपट्टीवर शर्यत होती. टायर घेऊन मीही गेलो होतो. सरावाच्या फेऱ्यांत छोटी टाकी रिकामी झाली, म्हणून "थांब, भरल्याबिगर हलू नगंस" असं सांगून गौस लांब लावलेल्या टेम्पोतून पेट्रोलचा कॅन आणायला गेला. तेवढ्यात गोमटेशचा नंबर पुकारला. त्यानं बटण दाबून बघितलं, गॅस सुटेना. बोनेट उघडून तो आत वाकला, स्विचच्या दोन वायरी उपटल्या आणि एकमेकींना पीळ दिला. डायरेक्ट! आपल्याकडं मोटर असो की मीटर, जे अडवतं ते डायरेक्ट करून टाकायची खोडच आहे.

"आरं, गौसला येऊ दे की!" मी ओरडलो.

"त्यो यीपर्यंत जिंकून येतो," म्हणाला आणि बसला गाडीत.

गौस कॅन घेऊन धापा टाकत पोचला, तेव्हा गाडी सुटली होती. अर्ध्या वाटेत खडखडाट झाला, धूर निघाला आणि गाडी तिथंच थांबली. मोबाईल धरून पोरं धावली. गोमटेश हेल्मेट काढून उतरला. काय झालं असं विचारल्यावर कॅमेऱ्याकडं बघून म्हणाला, "मिस्त्रीनं वेगळी टाकी बसीवली, तीच नडली. काम कच्चं हुतं."

गौस शेजारीच उभा होता, हातात भरलेला कॅन. मी तोंड उघडणार, तर त्यानं माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे. लोकांत लाजलाय त्यो. मागनं बोलंल."

गाडी गॅरेजात आणली. गौसनं बोनेट उघडलं. पीळ दिलेल्या वायरी समोरच होत्या. गौसनं गोमटेशकडं बघितलं, आणि गोमटेशला नेमका तेव्हाच दुकानातून फोन आला. फोन वाजला नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. दुसऱ्या दिवशी माणूस पाठवून त्यानं गाडी दुसरीकडं हलवली.

व्हिडिओ मात्र गावोगाव फिरला. मुरगूडच्या पोरानं अर्धी उघडलेली गाडी टो करून नेली. बाकीच्यांनी फोन उचलायचं सोडलं. ज्यानं अख्खं आयुष्य नावावर काढलं, तो आता स्कुटरची कार्बुरेटरं साफ करत बसू लागला. माझ्या डोक्यात तिडीक जायची. "मी बघितलंय डोळ्यांनी, सांगतो सगळ्यांना," असं मी कितीदा म्हटलं.

"तू सांगून काय? त्येनं सांगायला पायजे," गौस म्हणायचा. "क्षमावाणीला येतोयच की. औंदा त्येच्याजवळ मागण्यासारखं हाय. आला म्हंजे चार पोरांना बोलावतो, त्यांच्याम्होरं एकदा बोलला की मिटलं."

उन्हाळा गेला, पाऊस गेला, गणपती गेले. त्या दिवशी गौसनं चक्क दाढी केली होती. गॅरेज झाडून घेतलं, खुर्ची पुसली. रशिदाभाभीनं खिरीचा डबा सकाळीच पाठवला. रस्त्यावर पांढरा शर्ट दिसला की तो पाना ठेवायचा आणि पुन्हा उचलायचा. मला ते बघवत नव्हतं.

दुपार कलल्यावर त्याचा फोन टुणकन वाजला. त्यानं हात पुसून तो घेतला आणि बराच वेळ वाचत राहिला. मग अर्ध्या भिंतीवरून माझ्यापुढं धरला. फुलांच्या चौकटीत छापलेलं होतं, 'वर्षभरात कळत-नकळत आपले मन दुखावले असल्यास उत्तम क्षमा. गोमटेश आणि परिवार.'

काही केलं नव्हतं तेव्हा हा माणूस दर वर्षी दारात येत होता.

"गुंडू," गौस म्हणाला, "तुला आलाय काय रं ह्यो?"

आला होता. शब्द न शब्द तोच. नाही म्हणावं असं फार वाटलं, पण माझा फोन गल्ल्यावर उघडाच पडला होता आणि त्यानं तो बघितला.

"मग ह्यो मला न्हाय," गौस म्हणाला. खिरीचा डबा त्यानं भिंतीवर माझ्या बाजूला सरकवला आणि शटर ओढायला गेला.