खिडकीजवळची जागा

उजव्या हातमोज्याला इस्त्री झाली होती. डाव्याच्या बोटांवर पाणी शिंपडून धाकट्या सुनेने इस्त्री टेकवली, आणि फोन वाजला.

"वहिनी, आज मी कुठे बसायचं?" पलीकडून नणंद. कशी आहेस नाही, काय करतेस नाही.

"चर्चमध्ये बसायचं, वन्सं. बाकं जुनीच आहेत."

"ते कळतं गं. पण पहिल्या बाकावर मी की मोठ्या वहिनी? आई माझी होती."

तो फोन ठेवते न ठेवते तोच मोठ्या जावेचा. थोरली सून कोण, हे नणंदेला एकदा स्पष्ट सांगून टाक, एवढंच तिचं म्हणणं. स्वतः सांगायला दोघींची बोलाचाल हवी ना! दोन डोळे शेजारी, भेट नाही संसारी.

"प्रभू, धीर दे," धाकटी इस्त्रीचं बटण बंद करत म्हणाली, "आणि जरा लवकर दे." डावा मोजा चुरगळलेलाच राहिला. तिने दोन्ही मोजे पिशवीत कोंबले.

आज सासूबाईंच्या आठवणीची उपासना होती. गावातल्या बाप्टिस्ट मंडळीत त्यांना सगळे 'दारातली आई' म्हणत. उभं आयुष्य त्या चर्चच्या दारात पांढरे हातमोजे घालून उभ्या राहिल्या. येणाऱ्याच्या हातात गीतपुस्तक द्यायचं आणि बोटाने जागा दाखवायची. बोट दाखवलं की विषय संपला. खोकणारे दाराशी, पेंगणारे प्रवचन देणाऱ्या पाळकांच्या नाकासमोर, आणि भांडलेले एकाच बाकावर, दोघांत मिळून एक गीतपुस्तक. जावेला नि नणंदेला वर्षानुवर्षं एकच पुस्तक धरावं लागलं. बोलल्या नाहीत, पण पानं उलटली. तरुणपणी बाप्तिस्म्याच्या हौदातून वर आल्या आल्या सासूबाईंनी ओल्या केसांनीच म्हणे मागच्या लोकांना पुढे सरकायला सांगितलं होतं. आणि कुणी जागेवरून कुरकुर केलीच, तर त्यांचा एक नियम होता: "जागा पटत नाही? मग ये, दारात उभी राहा." घरातही तोच कारभार. जेवायला कोण कुठे बसणार, कुणाचं अंथरूण कुठे पडणार, सगळं बोटावर. कारण सांगायची पद्धत नव्हती.

धाकटीचं सगळं दुखणं या बोटाशीच होतं. लग्न होऊन आल्यापासून तिची जागा दारालगत, शेवटच्या बाकाच्या कडेला. मुलं रडायची तेव्हा ते ठीक होतं. पण मुलं मोठी होऊन नोकऱ्यांना लागली, तरी बोट तिथेच. तिला हवी होती मधल्या रांगेतली खिडकीजवळची जागा. उजेड छान, झाड दिसतं, आणि मुख्य म्हणजे दारातून कुणी "अगं, जरा पाणी आण" म्हणून उठवणार नाही.

"आई, तिथे बसू का?"

"तिथे नको."

"का पण?"

"नको म्हटलं ना."

पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून आज तिने ठरवलंच होतं. आज खिडकीजवळ बसायचं, पहिल्या गीतापासून शेवटच्या आमेनपर्यंत, आणि सासूसाठी निवांत रडून घ्यायचं. पण परवा मंडळीचा कारभार बघणारे एक वडीलधारे घरी आले, तब्येतीची चौकशी करत बसले आणि उठता उठता म्हणाले, "दारात मग तुम्हीच उभ्या राहा. मोजे घरात आहेतच." नाही म्हणायला तिची जीभ रेटली नाही.

ती चर्चपाशी पोचली आणि तिने कपाळावर हात मारला. आत बाकं रिकामी आणि सगळं कुटुंब, निम्मी मंडळी पायऱ्यांवर उभी! ऑर्गनवाल्या बाई सुरुवातीचीच धून पुन्हा पुन्हा वाजवत होत्या.

"अहो, आत का जात नाही?" तिने नवऱ्याला विचारलं.

"कुठे बसायचं ते कुणी सांगितलंच नाही," तो म्हणाला. एवढा कारखान्यात पाळी सांभाळणारा माणूस!

"कुणी सांगायला कशाला हवं? बाक दिसलं की बसायचं!"

"आई सांगायची ना."

कुणी हललं नाही. तेवढ्यात जाऊ नि नणंद दोन्हीकडून तिच्यापाशी आल्या.

"हिला सांग, पहिलं बाक थोरल्यांचं."

"यांना सांग, मुलीचं."

"सांग, सांग! मी काय टपालखातं आहे?" धाकटीचा आवाज चढला. ऑर्गनही क्षणभर थबकला. "जागा पटत नाही ना दोघींना? मग आईंचा नियम ठाऊक आहे." तिने पिशवीतून मोजे काढले. एक जावेच्या हातात, एक नणंदेच्या. "दाराला दोन फळ्या आहेत. एकेक धरा."

"माझा चुरगळलेला का?" नणंद म्हणाली.

"तुमच्याच फोनमुळे!"

जाऊ खुदकन हसली, मग एकदम गंभीर झाली. पण मोजा तिने चढवला. "पेंगणारे काका पुढे," ती नणंदेला म्हणाली, थेट तिलाच. नणंदेने गीतपुस्तकांचा गठ्ठा उचलला. पायऱ्या भराभर रिकाम्या होऊ लागल्या.

धाकटी कुणाच्याही बोटाकडे न बघता सरळ खिडकीजवळ जाऊन बसली. काय ते सुख! पहिलं गीत झालं, प्रार्थना झाली. पाळक सासूबाईंविषयी बोलायला उभे राहिले, आणि झाडाआडून ऊन वर आलं ते नेमकं तिच्या डोळ्यांत. ती डावीकडे सरकली, ऊनही सरकलं. गीतपुस्तक आडवं धरलं तर पाळक दिसेनात. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मागच्या बाई हळहळल्या आणि त्यांनी रुमाल पुढे केला. तो तिने घेतला, कारण एव्हाना सगळं पाणी काही उन्हाचं राहिलं नव्हतं.

'ऊन येतं, एवढं सांगायला काय झालं होतं, आई?' ती मनात चरफडली. 'दोन शब्द! दोन शब्दांत काय झिजणार होतं?'

पण जागा काही तिने सोडली नाही. शेवटच्या आमेननंतर तिने पदराच्या टोकाने खिडकीची रुंदी मापली. उद्या सकाळी पडद्याचं कापड घेऊन शिंप्याकडे जायचं.