दोह्यातलं गुलामगिरीचं संग्रहालय आणि आमच्या घरातला हुकूमनामा

वकील माणसाला सहलीला नेऊ नये, असं माझ्या धाकट्या भावाचं, मकरंदचं मत. तरी दिवाळीत नाशिकचं कोर्ट बंद झालं आणि मी त्याच्याकडे कतारमध्ये, दोह्याला थडकलेच. नोव्हेंबरात या. हवा इतकी छान असते की भांडायलाही उत्साह येतो.

त्याचं घर शहरातल्या बिन महमूद भागात. पहिल्याच रात्री त्याची बायको रेवा मला म्हणाली, "ताई, या वेळी एकदा तरी तुमच्या शेजारी बसून जेवायचंय." अडचण एकच होती. आमच्या माहेरी पोळी तव्यावरून थेट ताटात पडावी लागते, त्यामुळे करणारी शेवटी एकटीच जेवते. मला पोळ्या येत नाहीत, हे सासर-माहेर दोन्हीकडे कधीच मान्य झालंय.

दुसऱ्या दिवशी द पर्ल हे समुद्रात भर घालून केलेलं बेट पाहिलं. फोटो झकास येतात, कॉफी मात्र घरूनच पिऊन जा. तिसऱ्या दिवशी मेट्रोने मुशैरिबला गेलो. बिन महमूदहून पुढचंच स्टेशन, तिकीट अगदी स्वस्त. तिथे जुन्या घरात गुलामगिरीवरचं संग्रहालय आहे. प्रवेश फुकट, पण शुक्रवारच्या वेळा विचारून जा. मोत्यांसाठी समुद्रात बुडी मारायला लावलेल्या माणसांबद्दल वाचताना मला खरंच भरून आलं. शेवटी इथल्या राज्यकर्त्यांनी हुकूम काढून ही प्रथा संपवली, असं कळलं. आणि माझ्यातली वकील जागी झाली.

"पण एका हुकमाने संपवता येते का? आधार काय?" मी घरी येईपर्यंत बोलतच होते. इथे राज्यकर्त्याचा शब्द हाच कायदा, तेव्हा प्रश्न मिटला. अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या राष्ट्राध्यक्षांना मात्र तसा अधिकार नव्हता. ते यादवी युद्धात सेनापती होते, म्हणून शत्रूचं बळ तोडायला त्यांनी हुकूम काढला, आणि तोही फक्त बंड केलेल्या राज्यांपुरता. कायमचा बंदोबस्त करायला पुढे राज्यघटनाच बदलावी लागली.

हे सगळं मी जेवतानाही, तिसऱ्या गरम पोळीवर तूप घेत सांगत होते. भाची इरा म्हणाली, "आत्या, सो इन पीसटाइम ही कुडन्ट डू इट?"

"नाही. युद्ध होतं म्हणूनच जमलं."

स्वयंपाकघरात गॅस बंद झाल्याचा आवाज आला. रेवा लाटणं घेऊनच बाहेर आली आणि ते मकरंदच्या ताटाशेजारी ठेवून माझ्या बाजूच्या खुर्चीत बसली.

"मग युद्ध सुरू झालंय असं समजा," ती म्हणाली. "आजपासून मी बसून जेवणार. खलास."

मकरंदने माझ्याकडे आशेने पाहिलं. मी त्याला स्पष्ट सांगितलं की हुकूम कायदेशीर आहे, आणि उरलेल्या कणकेची जबाबदारी त्याची. त्याने लाटलेल्या पोळ्या आम्ही वरणात भिजवून भिजवून चावल्या. रेवाने मात्र माझ्या शेजारी बसून दोन वर्षांच्या गप्पा मारल्या.

नाशिकला परतल्यावर सुटकेस उघडली, खजूर वाटले, आणि धास्ती वाटू लागली. युद्धकाळातला हुकूम युद्ध संपलं की टिकेलच, याची खात्री नसते. पाहुणी गेली की रेवा पुन्हा तव्यापाशी उभी, असं तर झालं नसेल?

परवा जेवणाच्या वेळी मुद्दाम व्हिडिओ कॉल केला. मागे मकरंद घामाघूम होऊन पोळी उलटत होता. रेवा टेबलापाशी निवांत जेवत होती.

"युद्ध संपलं का गं?" मी विचारलं.

"तो रोज तह मागतोय," रेवा घास गिळून म्हणाली. "मी सही करत नाहीये."