बाबांना पाणी कोणी पाजलं

एप्रिलच्या सुरुवातीलाच वर्ध्याकडे उन्हाची लाट आली, तेव्हा मी रत्नागिरीच्या एका शाळेत शिकवत होते. तिथे आभाळ भरून असायचं आणि समुद्रावरून गार वारा यायचा. सकाळी फोनवर मी तसं सांगितलं, तर बाबा म्हणाले, "मजा हाये तुही. इथं तं वांगी झाडावरच भाजून राह्यली." उन्हाआधी घरी जा, असं बजावून मी वर्गावर गेले.

त्याच दुपारी ते वावरात कोसळले. शेजारच्या काकांना ते बांधाजवळ बेशुद्ध सापडले. काकांनीच त्यांना सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पोचले, तेव्हा ते शुद्धीवर आले होते. मला पाहताच शेजारच्या खाटेवरच्या माणसाला म्हणाले, "हे माही पोरगी. मी पडलो तवा हेच जवळ होती. माह्यं डोकं मांडीवर घेतलं अन् पाणी पाजलं."

"बाबा, मी तं रत्नागिरीले होती."

"काऊन खोटं बोलतं?" ते हसले.

बाहेर येऊन मी काकांना विचारलं. ते खाली पाहत म्हणाले, "वावरात कोणीच नोतं, बाई. पाण्याची कॅन झाडाखाली भरलेलीच होती."

बाबा बरे झाले. अजूनही घरी कोणी आलं की ते ही गोष्ट सांगतात आणि माझ्याकडे बघतात. मी हो म्हणून मान हलवते.