दिवेलागणीला लावलेलं दार

परवा संध्याकाळी खर्डीजवळच्या आमच्या पाड्यावर आबांच्या मयताला माणसं जमली. आबा म्हणजे माझे सासरे. ते तेव्हा आत खाटेवर कानटोपी घालून झोपले होते...

सुरुवातीपासून सांगते. दिवाळीत आबांना न्यूमोनिया झाला. शहापूरच्या दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, छातीला गारवा नको आणि धूरही नको. परत झालं तर अवघड आहे. म्हणजे थंडीवर आमच्याकडे जो एकच इलाज असतो, अंगणातली शेकोटी, तोच बंद.

ह्यांनी कल्याणहून हीटर आणला. तेलाचा, खाली चाकं असलेला. आबा त्याला 'रेडा' म्हणतात, कारण तो कोपऱ्यात नुसता उभा असतो आणि काही काम करत नाही.

काम करणार कसा? आबा झोपतात बाहेरच्या खोलीत, तिचं दार थेट अंगणात. जेवणाच्या वेळेला आमच्याकडे लोडशेडिंग, त्यामुळे खोली तापवायची ती दिवेलागणीलाच. आणि नेमकं दिवेलागणीला दार लावायचं नाही, हा आईंचा, म्हणजे सासूबाईंचा नियम. ती लक्ष्मी यायची वेळ.

मी एकदा विषय काढून पाहिला. "लक्ष्मीच्या तोंडावर दार लावू? माझ्या घरात नाय चालायचा," आई म्हणाल्या. आबाही त्यांच्याच बाजूने. "दार लावून बसाया मी काय चोरी केलीय?"

मी वाद घातला नाही. लक्ष्मीबद्दल मला स्वतःला काय वाटतं, हे तरी मला कुठे नक्की माहीत आहे... पण रोज संध्याकाळी हीटर चालू, दार सताड उघडं आणि आबांचे पाय गार. रात्री खोकला सुरू झाला की मी डोळे उघडे ठेवून पडून राहायचे.

परवा आई उंबरमाळीला लेकीकडे गेल्या होत्या. हे कसाऱ्याला ड्यूटीवर. मी देवापाशी दिवा लावला आणि दार लावून कडी घातली. आईंच्या पाठीमागे हे करणं बरोबर की चूक, याचा विचार करत थोडी उभी राहिले. तोवर आबा घोरायलाच लागले. मग मी मागे स्वयंपाकाला गेले.

शेजारचे धर्माकाका रोज त्याच वेळी आबांशी दोन शब्द बोलून जातात. त्यांना दार बंद दिसलं. त्यांनी हाका मारल्या, कडी वाजवली. आबांना मुळात कमी ऐकू येतं, त्यात कानटोपी. मी मागे, कुकर शिट्ट्या मारतोय... ओ देणार कोण?

आमच्या पाड्यावर त्या वेळी दार बंद नसतंच कुणाचं. त्यातून घरात आजारी माणूस. काकांनी काय समजायचं ते समजून घेतलं आणि खात्री करायला काकूंना मागच्या दारी पाठवलं.

मी कांदा चिरत होते. डोळ्यांना धार, नाक लाल, पदराने पुसतेय. काकू काही बोलल्याच नाहीत. माझ्या डोक्यावरून हात फिरवला, स्वतःचे डोळे पुसले आणि गेल्या. मला वाटलं, त्यांच्याच घरी काही झालं असेल. विचारायला हवं होतं...

थोड्या वेळाने पुढून कुजबुज ऐकू आली म्हणून मी दार उघडलं. अंगणभर माणसं, टोप्या काढून हातात घेतलेल्या. एक जण बांबू तोडायला गेल्याचं मला मागाहून कळलं.

गार वाऱ्याने आबा जागे झाले. उठून बसले, बाहेरची गर्दी बघितली आणि विचारलं, "कोन गेला रे?"

धर्माकाका म्हणाले, "तू."

"कवा?"

"मगाशी. दिवा लागला तवा."

"मंग मला सांगायचा तरी!"

अंगणात असा हशा पिकला की कुत्री भुंकायला लागली. कुणी आत येऊन हीटरला हात लावून बघतंय, कुणी आबांना. मी सगळ्यांसाठी चहा टाकला.

तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबली. काकांनी मघाशीच मोबाइलवरून उंबरमाळीला कळवलं होतं आणि नंतर हसण्याच्या नादात ते विसरूनच गेले होते. आई उतरल्या, मागे नणंद. आईंच्या पायात चप्पल नव्हती. माणसांनी वाट करून दिली.

आई उंबऱ्यात थांबल्या. समोर आबा खाटेवर बसून बशीतून चहा पीत होते.

मला वाटलं, आता माझी धडगत नाही. लक्ष्मी, दार, सगळंच निघणार. त्या आत आल्या, खाटेवर टेकल्या आणि गोधडीत हात घालून आबांचे पाय चाचपले. पुन्हा चाचपले. "गरम हायत," असं स्वतःशीच म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "दार लाव गो. वारा येतो त्यांना."

काल दिवेलागणीच्या जरा आधी आई पदर खोचून बाहेर पडल्या आणि शेजारपाजारच्या दारांत उभं राहून सांगून आल्या, "आमी दार लावतो गो. म्हातारा बरा हाय." धर्माकाका म्हणाले, "रोज सांगत जा वयनी. बांबू तोडून ठेवलाय."

मी फक्त खोली किती तापते तेवढंच बघत होते. बंद दार बाहेरच्यांना काय सांगत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. काल रात्री आबा खोकले नाहीत... आणि हाकेला ओ आली नाही तर अख्खा पाडा अंगणात येऊन उभा राहतो, अशा ठिकाणी मी राहते, याचं परवापासून फार बरं वाटतंय.